चेहरा नेमका कुठे बिघडला?

झाडाच्या पानांचा हिरवा रंग फोटोत थोडा निळसर आला तर कुणाच्या लक्षात येत नाही. भिंत जरा पिवळी पडली तरी चालून जातं. चेहऱ्याला मात्र ही सूट नाही. गालावर हिरव्याची नुसती झाक आली की माणूस आजारी वाटतो, लाल थोडा चढला की ताप आल्यासारखा दिसतो. ज्याने आयुष्यात कधी कॅमेरा हातात धरलेला नाही तोही असा फोटो पाहून म्हणतो, "काहीतरी चुकलंय." काय चुकलंय ते त्याला सांगता येत नाही. ते शोधून काढणं हे फोटो दुरुस्त करणाऱ्याचं काम.

फोटो सेन्सरवर उमटल्यापासून आपल्या डोळ्यांपर्यंत पोचेतो बऱ्याच हातांतून जातो. कॅमेरा त्याची रॉ फाइल करतो, संगणकावरचा प्रोग्राम त्या फाइलचा अर्थ लावतो, फाइलला जोडलेली प्रोफाइल त्यातल्या आकड्यांचे रंग ठरवते, ग्राफिक्स कार्ड ते मॉनिटरकडे पाठवतं, मॉनिटर आपल्या कुवतीप्रमाणे ते उजळतो आणि शेवटी खोलीतल्या उजेडात बसलेला आपला डोळा निकाल देतो. यातल्या कुठल्याही टप्प्यावर गडबड झाली तरी ती दिसते चेहऱ्यावरच, आणि म्हणून बहुतेक जण इलाजही तिथेच सुरू करतात. चेहरा पिवळा दिसला की कर्व्हज उघडायचे आणि पिवळा उतरवायचा. तो पिवळेपणा मॉनिटरचा असेल तर मूळचा बरा चेहरा आता निळा झालेला असतो, आणि तो निळा आहे हे दुरुस्त करणारा सोडून बाकी सगळ्यांना दिसतं. दोष कुठे शिरला हे कळल्याशिवाय चेहऱ्याला हात लावायचा नाही, हे मी रिटचिंगमधलं पहिलं काम मानतो.

ते कळायला एक साधन हाताशीच असतं. फोटोशॉपमध्ये इन्फो पॅनेल उघडून माउस गालावर नेला की लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे दिसतात. मॉनिटर कितीही बिघडलेला असला तरी हे आकडे बदलत नाहीत, कारण ते फाइलमधून येतात. साध्या उजेडातल्या गव्हाळ गालावर ते समजा 200, 150 आणि 120 असे असतील. लाल सगळ्यांत मोठा, मग हिरवा, मग निळा हा क्रम गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या, काळ्या अशा सगळ्या त्वचेत सहसा टिकतो. आकडे लहानमोठे होतात, क्रम तोच राहतो. क्रम नीट आहे, मधली अंतरंही नीट आहेत आणि तरी चेहरा हिरवट दिसतोय, तर संशय पडद्यावर घ्यावा. हिरवा आकडा लालच्या जवळ सरकलेला असेल तर दोष फोटोतच आहे. शंका उरली तर तीच फाइल दोन-तीन वेगळ्या पडद्यांवर उघडून पाहावी. एकाच फोनवर विसंबू नये, कारण बरेच फोन रंग मुद्दाम भडक करून दाखवतात.

पडद्याच्या दोषांत सगळ्यांत जास्त आढळतो तो म्हणजे जास्तीचा उजेड. दुकानात उठून दिसावा म्हणून मॉनिटर कारखान्यातूनच भरपूर उजळ ठेवलेला असतो, चौरस मीटरला 250 ते 300 कँडेलासुद्धा. फोटोच्या कामाला 80 ते 120 पुरतो. इतक्या झगमगत्या पडद्यावर प्रत्येक चेहरा उजळच दिसतो, मग आपण तो उतरवतो, आणि छापून आल्यावर सगळं वऱ्हाड संध्याकाळच्या अंधारात बसल्यासारखं वाटतं. दुसरा दोष एचडीएमआय केबलने जोडलेल्या मॉनिटरवर सापडतो. संगणक त्याला टीव्ही समजतो आणि 0 ते 255 ऐवजी 16 ते 235 इतकेच आकडे पाठवतो. मग काळे केस राखाडी दिसतात, डोळ्यांतलं काजळ फिकं पडतं आणि आपण विनाकारण कॉन्ट्रास्ट वाढवत बसतो. ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये आउटपुट रेंज फुल केली की केस पुन्हा काळे होतात. संध्याकाळ झाली की आपोआप सुरू होणारा नाइट लाइट, खोलीतल्या प्रकाशाप्रमाणे रंग बदलणारा ट्रू टोन, आपोआप कमीजास्त होणारी ब्राइटनेस हे सगळं डोळ्यांच्या सुखासाठी चांगलं असलं तरी फोटोच्या कामाला बसण्याआधी बंद करावं. स्वस्त लॅपटॉपचा पडदा टीएन जातीचा असेल तर नुसती मान वरखाली केली तरी कपाळ उजळतं आणि हनुवटी काळवंडते. अशा पडद्यावर त्वचेचा रंग ठरवूच नये. आयपीएस पडद्याचा मॉनिटर हा फोटोवाल्याचा पहिला खर्च असावा, लेन्सच्याही आधीचा.

विंडोजवर आणखी एक प्रकार होतो, आणि त्याने भलेभले गोंधळतात. फोटोशॉपमध्ये चेहरा पिवळट दिसतो आणि तीच फाइल दुसरीकडे बरी दिसते. अशा वेळी फोटोशॉपमध्ये एक कोरं पांढरं डॉक्युमेंट उघडावं. आकडे 255, 255, 255 असूनही पांढरा रंग साय धरल्यासारखा पिवळट दिसत असेल आणि शेजारच्या खिडकीतला पांढरा मात्र पांढराच असेल, तर मॉनिटरची प्रोफाइल खराब आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन तात्पुरती एसआरजीबी ही प्रोफाइल लावावी, फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडावं, फरक लगेच दिसतो. कायमचा उपाय म्हणजे कलरीमीटर. हे छोटं यंत्र मॉनिटर अर्धा तास तापल्यावर पडद्यावर टेकवून ठेवायचं. प्रोग्राम एकामागून एक रंगाचे चौकोन दाखवतो, यंत्र ते मोजतं आणि त्या मॉनिटरची खरी प्रोफाइल तयार होते. लक्ष्य म्हणून 6500 केल्विन आणि गॅमा 2.2 ठेवावा. मॉनिटर जुना होतो तसा त्याचा रंग सरकतो, म्हणून हे काम अधूनमधून पुन्हा करावं लागतं.

पडदा नीट झाला तरी डोळा उरतोच. पॅरिसच्या गोबेलॅं कारखान्यात पडदे आणि गालिचे विणले जात. तिथे रंगकामाची देखरेख करणारा रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल याच्याकडे तक्रार आली, की काळा रंग नीट बसत नाही, फिका दिसतो. त्याने तपासलं तर रंगात काही खोट नव्हती, काळ्या धाग्याशेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता. यावरचा त्याचा ग्रंथ 1839 मध्ये आला, आणि त्यात सांगितलेली गोष्ट आजही आपल्या टेबलावर रोज घडते. गुलाबी भिंतीसमोर बसून चेहरा पाहिला तर तो हिरवट वाटतो. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तोच चेहरा सावळा वाटतो, काळ्यावर उजळ. म्हणून फोटोभोवतीचा भाग करडा ठेवावा, डेस्कटॉपवर रंगीत वॉलपेपर नको, आणि पाठीमागची खिडकी पडद्यात चमकत असेल तर मॉनिटर फिरवावा. तासभर एकच चेहरा पाहिला की डोळा चुकीलाही सरावतो. दहा मिनिटं उठून यावं, परतल्यावर पहिल्या क्षणी जे खटकतं तेच खरं.

आता फाइलकडे वळू. 200, 150, 120 हे नुसते आकडे आहेत. ते कोणत्या रंगाचे, हे प्रोफाइल सांगते. एसआरजीबी ही व्यवस्था एचपी आणि मायक्रोसॉफ्टने 1996 मध्ये मांडली, 1999 मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली, आणि आजही बहुतेक लॅब, फोन आणि वेबसाइट तीच गृहीत धरतात. अॅडोबी आरजीबी 1998 ची, तिच्यात हिरव्या-निळ्याचा पल्ला मोठा. तोच गव्हाळ गाल अॅडोबी आरजीबीमध्ये लिहिला तर आकडे साधारण 186, 149, 121 असे होतात. फाइलसोबत प्रोफाइल नसेल आणि समोरच्या यंत्राने हे आकडे एसआरजीबीचे म्हणून वाचले, तर लाल एकदम 14 ने उतरतो. गालावरचं रक्त गेल्यासारखा चेहरा निस्तेज होतो. प्रोफोटो आरजीबीची फाइल अशी उघडी पडली तर त्याहून वाईट, तिथे चेहरा मातकट-हिरवट होतो. "माझ्याकडे छान दिसत होता, व्हॉट्सअॅपवर गेला आणि मेला" या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असतं.

इथे असाइन आणि कन्व्हर्ट या दोन आज्ञांचा घोळ होतो. असाइन केलं की आकडे तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो, म्हणून चेहरा डोळ्यांदेखत पालटतो. कन्व्हर्ट केलं की चेहरा तसाच दिसत राहतो, आकडे बदलतात. बिनप्रोफाइलच्या फाइलला तिची हरवलेली प्रोफाइल द्यायची असेल तेव्हा असाइन, आणि बाहेर पाठवण्याआधी एसआरजीबीत आणायचं असेल तेव्हा कन्व्हर्ट. हे उलटं झालं की मग कितीही स्लायडर ओढा, गाल पूर्वीसारखा येत नाही. सेव्ह करताना प्रोफाइल सोबत जोडण्याची खूण कधीही काढू नये.

रॉ फाइल उघडल्यावर चेहरा आधी टवटवीत दिसतो आणि दोन-तीन सेकंदांत फिका पडतो, हे पाहून नवशिके घाबरतात. बिघाड काहीच नसतो. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेलं एक छोटं जेपेग असतं, आधी ते दिसतं. मग प्रोग्राम मूळ माहितीतून स्वतःचं चित्र काढतो. कॅमेऱ्याची चव आवडत असेल तर लाइटरूममध्ये कॅमेरा मॅचिंग प्रोफाइल निवडावी.

प्रोग्रामच्या खोड्या तर भरपूर. ब्रशचं वर्तुळ गायब होऊन नुसती फुली दिसते, कारण कॅप्स लॉक चालू आहे. ब्रश फिरतो पण काही उमटत नाही, कारण कोपऱ्यात कुठेतरी एक विसरलेलं सिलेक्शन पडून आहे; कंट्रोल आणि डी दाबा. रंग गालावर उमटण्याऐवजी भलतंच काही झाकतो, कारण लेअरऐवजी मास्क निवडला गेला आहे. पडद्यावर काळे चौकोन येतात किंवा झूम करताना चित्र फाटतं, तर परफॉर्मन्सच्या सेटिंगमधून ग्राफिक्स प्रोसेसर बंद करून बघा. त्याने बरं वाटलं तर कार्डाचा ड्रायव्हर नवा टाका.

झूमबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसतो तो फक्त 100 टक्क्यांवर. त्याखाली आपण पाहतो ती प्रोग्रामने घाईत लहान केलेली नक्कल. रेशमी साडीवर किंवा बारीक चौकड्यांच्या शर्टावर रंगीत लाटा दिसल्या तर आधी 100 टक्क्यांवर जावं. तिथे त्या नाहीशा झाल्या तर लाटा नकलेच्या होत्या, विसरून जावं. तिथेही दिसल्या तर त्या फाइलमध्येच आहेत. बहुतेक सेन्सरवर ब्राइस बायर याच्या, 1976 मध्ये पेटंट मिळालेल्या रचनेची रंगीत जाळी असते. प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून ठरवले जातात, आणि कापडाची वीण या जाळीइतकी बारीक झाली की तो अंदाज फसतो. फोरके मॉनिटरवर उलटी फसगत होते. तिथले पिक्सेल इतके लहान, की 100 टक्क्यांवर फोटो जरा मऊ वाटतो, आपण शार्पनिंग वाढवतो, आणि साध्या पडद्यावर पापण्यांना काटे फुटलेले दिसतात. तिथे 200 टक्क्यांवरही एकदा बघून घ्यावं.

आता प्रत्यक्ष रिटचिंग. पूर्वी स्टुडिओत निगेटिव्हवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने सुरकुत्या आणि पुटकुळ्या बुजवत, ते काम तास-तास चाले. 2002 मध्ये फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीत हीलिंग ब्रश आला आणि ते मिनिटांवर आलं. हा ब्रश सगळे वापरतात, पण तो करतो काय हे माहीत असेल तर त्याच्या निम्म्या चुका टळतात. जिथून नमुना घेतला तिथला पोत, म्हणजे रंध्रं आणि बारीक लव, तो उचलतो. रंग आणि उजेड मात्र जिथे लावायचं त्या जागेच्या कडेवरून घेतो आणि कडेपासून आत हळूहळू पसरवतो. म्हणून गालाच्या मधोमध तो जादूसारखा चालतो. आता नवरीच्या कपाळावर या. भुवयांच्या मधे कुंकू आहे आणि त्याला जवळजवळ चिकटून एक पुटकुळी. ब्रशचा फटकारा कुंकवाच्या कडेला नुसता शिवला तरी कडेवरचा तो लाल रंग आत ओढला जातो आणि पुटकुळीच्या जागी गुलाबी डाग पडतो. पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला की डाग आणखी पसरतो. नथीच्या मोत्यांशेजारी असाच पांढुरका धूर उठतो, केसांच्या रेषेवर काळपट, ओठांच्या कडेला तांबूस. उपाय सोपा आहे. आधी लॅसोने पुटकुळीभोवती मोठंसं सिलेक्शन करावं आणि कुंकवाच्या बाजूने त्याची रेघ अगदी कुंकवाच्या कडेवरून न्यावी. सिलेक्शनच्या बाहेरचा रंग मग आत शिरू शकत नाही. तेवढीही जागा नसेल तर क्लोन स्टॅम्प घ्यावा, तो जसंच्या तसं उचलतो आणि रंग मिसळत नाही. ऑपॅसिटी कमी ठेवली की त्याचा ठसाही दिसत नाही.

याच ब्रशची दुसरी तक्रार म्हणजे तो रिकाम्या लेअरवर चालतच नाही. मूळ फोटोला धक्का लागू नये म्हणून वेगळ्या लेअरवर काम करणं योग्यच, पण मग वरच्या पट्टीत सॅम्पल या ठिकाणी करंट अँड बिलो निवडावं लागतं. तिथे ऑल लेअर्स असेल आणि वर उजळपणा वाढवणारा कर्व्हजचा लेअर असेल तर मोठी मजेशीर चूक होते. ब्रश वरचा उजळ झालेला रंग उचलतो, खाली ठेवतो, आणि वरचा कर्व्ह त्याला पुन्हा एकदा उजळतो. जिथे जिथे पुटकुळी काढली तिथे तिथे फिकट ठिपके दिसतात.

फ्रीक्वेन्सी सेपरेशन हे तंत्र गेल्या काही वर्षांत घराघरात पोचलं आहे, आणि माझ्या मते चेहऱ्यांचं सर्वाधिक नुकसान त्यानेच केलं. कल्पना चांगली आहे. फोटोच्या दोन प्रती करायच्या, खालची गॉशियन ब्लरने पुसट करायची म्हणजे तिच्यात फक्त रंग आणि छाया उरतात, वरच्या प्रतीत फक्त पोत ठेवायचा, आणि दोन्ही लिनिअर लाइट पद्धतीने पुन्हा एकत्र करायच्या. गणित बरोबर असेल तर दोन्ही मिळून मूळ फोटो तंतोतंत दिसायला हवा. म्हणून पहिली तपासणी हीच: दोन्ही लेअर एकत्र बंद-चालू करून बघा. चित्र जरासुद्धा हललं तर अप्लाय इमेजमधले आकडे चुकले आहेत. 8 बिट फाइलला सबट्रॅक्ट, स्केल 2, ऑफसेट 128 हवं. 16 बिटला अॅड, इन्व्हर्टची खूण, स्केल 2 आणि ऑफसेट 0. ब्लर जास्त झाला तर पोताच्या लेअरमध्येच छाया शिरते आणि तिथे ब्रश फिरवला की ठिगळं दिसतात. खालचा लेअर पुसट करताना जबड्याची किंवा नाकपुडीची कडा ओलांडली की पार्श्वभूमीचा रंग गालावर झिरपतो. या सगळ्यापेक्षा मोठा दोष म्हणजे खालचा लेअर इतका गुळगुळीत करणं की गालाचं हाड, हसताना पडणारी घडी, डोळ्याखालची उतरण सगळं एका पातळीत येतं. रंध्रं शाबूत असतात आणि तरी चेहरा रबरी दिसतो. चेहऱ्याचा आकार त्या छायांनीच बनलेला असतो, त्या गेल्या की मागे उरलेला पोत कशाला धरून राहणार?

म्हणून मी डॉज आणि बर्नचा पक्ष घेतो. उजळ करणारा एक कर्व्ह, गडद करणारा एक, दोन्हींचे मास्क काळे, आणि 2-3 टक्के फ्लोच्या मऊ ब्रशने एकेक डाग आजूबाजूच्या उजेडाशी जुळवायचा. वेळ लागतो, पण त्वचा त्वचाच राहते. यातही एक अडचण येते. गडद केलेली जागा नारिंगी होते आणि उजळलेली राखेसारखी, कारण आरजीबीत कर्व्ह खाली ओढला की रंगाची तीव्रता वाढते आणि वर नेला की घटते. त्यावर कलर ब्लेंडिंगचा वेगळा लेअर ठेवून बाजूच्या त्वचेचा रंग हलक्या हाताने फिरवला की प्रश्न सुटतो. काम करताना सगळ्यांत वर एक तात्पुरता कृष्णधवल लेअर ठेवावा. रंग बाजूला झाला की उजेडातले खड्डे-उंचवटे स्पष्ट दिसतात.

स्टुडिओच्या करड्या पडद्यावर गोल-गोल पट्टे दिसू लागले तर 8 बिटची मर्यादा आली असं समजावं. 8 बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या. एकामागून एक कर्व्ह लावले की त्यातल्या बऱ्याच गळतात आणि सलग उतार पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये 16,384 पायऱ्या असतात, तेव्हा सुरुवातीपासून 16 बिटमध्येच राहावं. पट्टे पडूनच गेले असतील तर पार्श्वभूमीवर किंचित नॉइज टाकावा, पट्टे विरतात.

कधी कधी दोष कुठल्याच हत्याराने निघत नाही. कपाळावर एक सपाट पिवळा-पांढरा डाग असतो, गडद केला की तो करडा होतो. अशा वेळी चॅनेल वेगळे करून बघावेत. रक्तातलं हिमोग्लोबिन आणि त्वचेतलं मेलॅनिन निळा आणि हिरवा प्रकाश पुष्कळ शोषतात, म्हणून निळ्या चॅनेलमध्ये प्रत्येक डाग आणि तीळ ठळक दिसतो. लाल प्रकाश त्वचेत खोल शिरून पसरून बाहेर येतो, म्हणून लाल चॅनेल नितळ असतं आणि सगळ्यांत आधी तेच भरून वाहतं. लग्नाच्या मांडवातल्या पिवळ्या हॅलोजनखाली हे हमखास होतं. लाल चॅनेलमध्ये कपाळ नुसतं पांढरं, 255 वर अडकलेलं, असेल तर तिथे माहितीच उरलेली नाही. रॉ फाइलवर परत जाऊन हायलाइट खाली आणून बघावे; तिथेही काही नसेल तर बाजूच्या त्वचेचा पोत आणून तो भाग नव्याने भरावा लागतो.

त्वचेच्या रंगाबद्दल आपल्या हत्यारांना एक जुना इतिहास आहे. 1950 च्या दशकापासून अमेरिकेतल्या रंगीत फोटोंच्या लॅबमध्ये यंत्रं जुळवायला कोडॅकचं एक कार्ड वापरत. त्यावर एका गोऱ्या तरुणीचा फोटो असे. कार्डाचं नावच शर्ली पडलं. तिचा चेहरा बरा आला की यंत्र बरोबर. सावळ्या आणि काळ्या चेहऱ्यांचे तपशील त्यात बुडत, आणि फिल्म सुधारण्यामागे गडद चॉकलेट आणि लाकडी फर्निचर नीट न येण्याच्या उत्पादकांच्या तक्रारीही होत्या, हे कॅनडाच्या अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी 2009 मध्ये लिहिलेल्या निबंधातून पुढे आलं. डिजिटल काळात हे बदलू लागलं आहे. समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी केलेली त्वचेच्या 10 छटांची पट्टी गुगलने 2022 मध्ये सर्वांसाठी खुली केली. पण पुष्कळ तयार प्रीसेट आणि ब्यूटी फिल्टर अजूनही चेहरा एकाच दिशेने ढकलतात: उजळ, गुलाबी आणि गुळगुळीत.

आपल्याकडे त्याला गिऱ्हाइकाचीही जोड मिळते. "दादा, मुलीला जरा उजळ करा ना," हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही फोटो स्टुडिओत ऐकू येतं. माझं मत असं, की ही मागणी बहुतेक वेळा त्वचेबद्दल नसतेच, फोटोतल्या उजेडाबद्दल असते. मांडवात मागून प्रकाश असतो, चेहरा सावलीत असतो, आणि आईला आपली लेक दिसत नसते. तिथे चेहऱ्यापुरता मास्क करून एक्स्पोजर वाढवावं, गालाच्या हाडावरची चमक राखावी, डोळ्यांखालची सावली थोडी उचलावी. छटा आणि तीव्रता यांना हात लावू नये. सॅच्युरेशन कमी करून आणलेला गोरेपणा करडा असतो, त्यात सावळ्या त्वचेची ऊब जाते आणि गळा, हात, कान मूळ रंगाचे राहिल्याने मुखवटा चढवल्यासारखं दिसतं. पहिल्या दुरुस्तीने आई खूश झाली की दुसरीची गरज पडत नाही. तीळ, जन्मखूण, गोंदण, जुना व्रण यांना तर विचारल्याशिवाय हात लावायचाच नाही. पुटकुळी आठवड्यात जाते, तीळ त्या माणसाचा असतो.

हळदीच्या फोटोंना आपला वेगळा नियम लागतो. चेहरा, हात, पाट, कपडे सगळं पिवळं. ऑटो व्हाइट बॅलन्स या पिवळ्याला प्रकाशाचा दोष समजतो आणि तो मारायला निळा ओततो. हळद मळकट होते, डोळ्यांतला पांढरा भाग आणि पांढरं धोतर निळसर दिसतं. मग कुणीतरी पिवळा सॅच्युरेशन वाढवतो आणि सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं वाटतं. विधी सुरू होण्याआधी त्याच जागी करड्या कार्डाचा एक फोटो घ्यावा. 24 चौकोनांचं कलरचेकर कार्ड असेल तर उत्तमच. 1976 मध्ये आलेल्या या कार्डाचे पहिले दोन चौकोन गडद आणि फिक्या त्वचेचे आहेत. त्या फोटोवरून व्हाइट बॅलन्स ठरवून तो त्या उजेडातल्या बाकी सगळ्या फोटोंना लावावा. मग हळद हळदीसारखी राहते आणि तिच्याखालची त्वचा त्वचेसारखी. कार्ड विसरलं असेल तर धोतराचा सावलीतला भाग घ्यावा, पण ज्या भागावर बाजूच्या हळदीची पिवळी झळ आलेली नाही असाच.

एवढं सगळं जुळलं तरी कागद उरतो. कागद स्वतः उजळत नाही, त्यावर पडलेला प्रकाश परत देतो, म्हणून पडद्याइतका कॉन्ट्रास्ट त्याला कधीच जमत नाही. पैठणीचा झगझगीत जांभळा किंवा राणी रंग पडद्यावर दिसतो तसा कागदावर उतरेलच असं नाही. लॅबकडून तिच्या यंत्राची आणि कागदाची प्रोफाइल मागून घ्यावी आणि फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ लावून बघावं. कोणते रंग दबणार ते आधीच कळतं, आणि ते दबताना शेजारचा चेहरा ओढला जात नाही ना हेही बघता येतं. संपूर्ण अल्बम पाठवण्याआधी एकाच कागदावर पाच चेहरे छापून घ्यावेत: एक गोरा, एक गव्हाळ, एक सावळा, एक हळदीतला, एक मांडवातल्या पिवळ्या दिव्याखालचा. छपाईवाले प्रिंट तपासायला 5000 केल्विनचा प्रकाश वापरतात. तो नसेल तर दिवसा खिडकीजवळ, पण थेट उन्हात नाही, ती प्रिंट धरावी आणि शेजारी मॉनिटरवर तेच चेहरे उघडावेत. पाचही चेहरे सारखेच अंधारे असतील तर मॉनिटरची ब्राइटनेस कमी करून तो कागदाशी जुळवावा, आणि मग त्या पडद्यावर अल्बममधलं प्रत्येक पान पुन्हा बघावं. एकच चेहरा वेगळा पडला असेल तर त्या फाइलचे आकडे काढावेत.